एकदा चुकायला वेळ

सोमवार, ९ जून

देवाप्पा सिएटलला पोचले. सकाळी सव्वासातला गंगव्वा दार न वाजवताच आत आली आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत देवाप्पा, डोक्याला पटका, हातात मी लिहून दिलेलं वे-बिल. गंगव्वा आमच्या समोरच्या दारातली, देवाप्पा तिचा थोरला भाऊ. वय चौऱ्याहत्तर, इंग्रजी शून्य, हिंदी त्याहून कमी, आणि आजवरचा मोठा प्रवास म्हणजे गोकाक ते बंगळूर. तो गडी फ्रँकफर्टला विमान बदलून एकटा गेला.

हा माझा चौदावा प्रवासी. चौदातला एकही हरवला नाही, एकाचंही पुढचं विमान सुटलं नाही. इथे लिहून ठेवते, कारण घरात कुणी म्हणणार नाही. ह्यांना सांगितलं तर पेपरातून मान न काढता "छान" म्हणाले. मास्तर होते ना, पोराला शंभरपैकी शंभर पडले तरी छानच म्हणायचे.

चौतीस वर्षं मी बेळगावच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. कुठली गाडी कधी सोडायची, कुठल्या फलाटावर लावायची, माईकवर मराठीत आणि कानडीत कसं पुकारायचं, सगळं माझ्याकडे. आमची मुलगी शाल्मली इथे बंगळूरला शिकायला आली म्हणून आम्ही मल्लेश्वरमला बिऱ्हाड केलं, ती पुढे न्यूझीलंडला गेली आणि आम्ही इथेच राहिलो. मग इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंना त्यांच्या आयटीतल्या मुलाने पन्नास मिनिटांत विमान बदलायचं तिकीट काढून दिलेलं मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. या पोरांना कमीत कमी तास दिसतात, त्या तासांत आपली आई धावताना दिसत नाही. ते तिकीट मी बदलायला लावलं. तेव्हापासून लोक मार्ग आखून घ्यायला येतात.

माझा नियम एकच. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला एकदा रस्ता चुकायला वेळ द्यायचा. चुकून परत येऊन, पाणी पिऊन, तरी पुढचं विमान मिळालं पाहिजे. म्हणजे तीन तास. आणि प्रत्येकाला एक कागद, ज्याला मी कंडक्टरच्या कागदासारखं वे-बिल म्हणते. त्यावर मराठी जाणाऱ्यासाठी, इंग्रजी तो ज्याला विचारेल त्याच्यासाठी, आणि देवाप्पांच्या वेळी कानडी गंगव्वाच्या समाधानासाठी.

रविवार, २२ जून

शाल्मलीचा पदवीदान समारंभ तेवीस ऑगस्टला, शनिवारी, डनेडिनला. बर्फाच्या नद्या दरवर्षी किती वितळतात यावर तिची डॉक्टरेट. बेळगावच्या मुलीला बर्फ माहीत तो गोळ्याचा, आणि ही बया पाच वर्षं त्यावर चढून बसली. मला भाजी घेतानासुद्धा ते सांगावंसं वाटतं. आज आठव्या क्रॉसच्या गल्लीत कोथिंबीरवाल्याला सांगितलं.

आम्ही दोघं जाणार. व्हिसा आले. दिवसभर बसून मार्ग काढला. सिडनीवरून सर्वांत स्वस्त, पण तिथे नुसतं विमान बदलायलासुद्धा आपल्याला वेगळा व्हिसा लागतो, हे त्या वेबसाइटवर कोपऱ्यात बारीक लिहिलंय. ऑकलंडवरून गेलं तर उगाच उत्तरेला जाऊन खाली यायचं, संकेश्वरला जायला कोल्हापूर गाठल्यासारखं. शेवटी सिंगापूर आणि क्राइस्टचर्च. मंगळवारी एकोणीसला सकाळी नऊला इथून, चारला सिंगापूर, तीन तास वीस मिनिटं, रात्रभर विमानात, बुधवारी सकाळी साडेनऊला क्राइस्टचर्च. तिथे सामान घ्यायचं, खाण्याचे डबे दाखवायचे, दुपारच्या लहान विमानाने तासाभरात डनेडिन. हिवाळ्यात तिकडे धुकं पडतं, म्हणून मधे दोन दिवस मोकळे ठेवलेत. एक विमान बुडालं तरी शनिवार हातचा जात नाही.

परतीला मात्र सिंगापूरला दोन तास चाळीस मिनिटंच मिळतायत. मला पसंत नाही. हे सोबत आहेत म्हणून चालवून घेतलं.

मी स्वतः विमानात कधी बसलेली नाही. त्यात काय. स्टिअरिंगला हात न लावता चौतीस वर्षं गाड्या सोडल्याच की.

गुरुवार, ३ जुलै

ह्यांच्या उजव्या डोळ्यासमोर परवा पडदा आला. ह्यांनी दोन दिवस सांगितलं नाही. आज ऑपरेशन झालं. डोळ्याच्या आतला सुटलेला पडदा जागेवर बसावा म्हणून डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलाय. तो विरेपर्यंत विमानात पाऊल टाकायचं नाही, वर गेलं की बुडबुडा फुगतो आणि डोळा जातो. मी विचारलं, ऑगस्टच्या एकोणीसपर्यंत विरेल का. डॉक्टर म्हणाले, भरवसा नाही, तेव्हा नाहीच समजा.

हे पालथे झोपलेत. उशीत तोंड खुपसून म्हणाले, "तू जा की."

काहीतरीच.

सोमवार, ७ जुलै

ह्यांचं तिकीट रद्द केलं. माझं उद्या करते.

शनिवार, १९ जुलै

शाल्मलीचा फोन. तिला मी सगळं समजावून सांगितलं. थेंब दिवसातून चार वेळा घालावे लागतात. समारंभानंतर चार दिवसांनी गणपती, घरची मूर्ती, मोदक कोण करणार. परतीला सिंगापूरला दोन तास चाळीस मिनिटं, आणि मी एकटी. इतर कुणाला मी असं तिकीट घेऊ दिलं असतं का, तूच सांग.

ती म्हणाली, "आई, तुझ्या चौदा लोकांना तू काय सांगतेस? अडलं तर विचारा."

त्यांना सांगणं वेगळं. चौतीस वर्षं लोक खिडकीशी येऊन मला विचारत होते, बाई, कुठली गाडी, बाई, कुठला फलाट. आता या वयात मी परक्या मुलखात पिशवी धरून कुणाला तरी तसं विचारत उभी राहू? हे तिला बोलले नाही. ह्यांच्या डोळ्याचंच खरं कारण आहे, आणि ते पुरेसं आहे.

तिने हट्ट केला नाही. तिने हट्ट केला नाही याचंच वाईट वाटलं. तिकीट अजून रद्द करायचं राहिलंय. उद्या नक्की.

शनिवार, २ ऑगस्ट

शाल्मलीचा मेसेज. "आई, माझं पूर्ण नाव स्टँडवर पुकारायचीस तसं म्हणून रेकॉर्ड कर आणि पाठव." एवढी डॉक्टर झाली तरी पोरखेळ सुटत नाही. पहिल्या वेळी मधेच कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या वेळी खाली गॅस सिलिंडरवाला ओरडला. तिसऱ्यांदा न्हाणीघरात जाऊन दार लावून म्हटलं. शाल्मली शरच्चंद्र यमकनमर्डीकर.

आमचं आडनाव म्हणजे मेलं लांबच लांब. माईकवर सगळी अक्षरं एका दमात म्हटली की पुढची मागचीला खातात. म्हणून यमकनमर्डीची गाडी पुकारताना मी नेहमी यमकनपाशी किंचित थांबायची आणि मर्डीवर जोर द्यायची. माझ्यानंतर आलेली मुलगी सलग म्हणायची, तिचं लोकांना कळायचंच नाही, दड्डीची समजून भलत्याच गाडीत चढायचे. शाल्मलीला विचारलं, कशाला पाहिजे गं? तिने नुसता हसरा चेहरा पाठवला. ह्यांना दाखवला, तेही हसले. दोघं सारखीच.

शनिवार, ९ ऑगस्ट

आज नारळीभात केला. हे हल्ली भलतेच वागतात. काल आरशासमोर उभे राहून स्वतःच थेंब घालत होते. निम्मे गालावर. मी ओरडले तर म्हणाले, शिकतोय. आज डाळीला फोडणी घातली, मोहरी जाळली. दुपारी गंगव्वाकडे जाऊन तास तास बसतात, मी गेले की दोघं गप्प. घरात बसून कंटाळलेत बिचारे.

आणि प्रश्न तर काय विचारतात. वे-बिलावर विमानाचा नंबर वर का लिहितेस, वेळ खाली का? तीनच तास का, चार का नाही? मी म्हटलं, चार तास दिले की माणूस निवांत होतो आणि निवांत माणूस झोपतो. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आयुष्यात कधी माझ्या कामाचं एक अक्षर विचारलं नाही आणि आता वही! डोळ्यात बुडबुडा आहे, पेपर वाचता येत नाही, वेळ जात नसेल.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

आज सकाळी ठरवून बसले. चार दिवस उरलेत, रिकामं जाणारं सीट अडवून ठेवणं बरं नव्हे. तिकीट आणि पासपोर्टची निळी फाइल काढायला कपाट उघडलं तर फाइल नाही. माझी मोतिया रंगाची नऊवारीसुद्धा नाही.

हे बाहेरून आले. अंघोळ करून, कुंकू लावून, हातात काही नाही. म्हणाले, मंगळवार प्रस्थानाला चांगला नाही, आज दिवस चांगला होता, म्हणून तुझं प्रस्थान गंगव्वाकडे ठेवून आलो.

माझ्या सासूबाई ठेवायच्या. निघायच्या दिवशी मुहूर्त नसला की चांगला दिवस बघून आधीच कापडात तांदूळ, सुपारी, एखादं वस्त्र बांधून शेजारी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाला. मग पाच दिवसांच्या आत बाहेर पडायचं, पडताना ते गाठोडं उचलायचं. ह्यांनी त्यात नऊवारी बांधली आणि साडीबरोबर कपाटातली निळी फाइलही गेली. विसराळू माणूस. एका डोळ्याने दिसत नाही त्याला काय बोलायचं.

चपला न घालता गंगव्वाकडे गेले. गाठोडं तिच्या देवासमोर, वर हळदीकुंकू. म्हटलं, माझी फाइल तेवढी दे. ती म्हणाली, "इल्ला अक्का. प्रस्थान परत घेत न्हाईत. मंगळवारी जाताना उचलायचं." म्हटलं, मी जातच नाही. तर म्हणे, सगळ्या बिल्डिंगला सांगून झालंय, तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी लोणचंसुद्धा आणून दिलंय. मी तिच्याशी भांडले. तिने मला कॉफी दिली.

घरी आले. मोबाईलवर तिकिटाचा नंबर आहे, फाइल नसली तरी रद्द करता येतं. तेवढं मला कळतं. मोबाईल हातात घेतला. हे खुर्चीत बसले होते, मान एका बाजूला कलती, बुडबुड्याची कड डोळ्यात पाण्यासारखी हलते म्हणून अशी धरावी लागते.

"कस्तुरी, अनाउन्समेंट झालीय. पुकारलेली गाडी तू कधी रद्द केलीस?"

नाही केली. चौतीस वर्षांत नाही. इंजिन बिघडलं तर डेपोतून दुसरी आणली, ड्रायव्हर आजारी पडला तर त्याच्या घरी जाऊन सुट्टीवरचा उठवून आणला. पुकारलं म्हणजे फलाटावर माणसं उठून उभी राहिलेली असतात. मोबाईल ठेवला. मग आत जाऊन खूप रडले, कशाला ते माहीत नाही. बाहेर आल्यावर ह्यांना म्हटलं, मोदकाचं काय? म्हणाले, मंडळातून आणू. मंडळाचे मोदक रबरासारखे असतात. पण सरी, चालेल, एक वर्ष खा.

सोमवार, १८ ऑगस्ट

बॅग भरली. लोणचं नेता येत नाही, मॅडमना वाईट वाटलं. मेतकूट आणि गोडा मसाला नेतेय, फॉर्मवर लिहून, दाखवून. लपवणाऱ्यांतली मी नव्हे.

माझं स्वतःचं वे-बिल लिहायला बसले आणि सुचेना. इतरांचं दहा मिनिटांत होतं. ह्यांनी शर्टाच्या खिशातून एक कागद काढून दिला. ह्यांनीच लिहिलंय. अक्षर एवढं मोठं की पहिलीच्या फळ्यावर शोभेल, आणि ओळी उतरत उतरत उजव्या कोपऱ्यात गेलेल्या. विमानाचा नंबर वर, वेळ खाली. मराठी, इंग्रजी, गंगव्वाकडून कानडी. सिंगापूरच्या ओळीसमोर लिहिलंय, "तीन तास वीस मिनिटं. एकदा चुकायला परवानगी आहे."

मी म्हटलं, ओळी वाकड्या आल्यात.

बुधवार, २० ऑगस्ट, क्राइस्टचर्चचा विमानतळ

बसलेय. डनेडिनच्या विमानाला दोन तास आहेत. थंडी हाडात शिरते. आधी खरं काय ते लिहून टाकते.

विमान वर चढताना मी डोळे मिटून सगळे फलाट म्हणून घेतले, एक खानापूर, दोन संकेश्वर, असं बारापर्यंत. बारा होईपर्यंत ते सरळ झालं. मग खिडकीतून ढग बघितले आणि जरा वेळाने शेजारच्या मुलाला इडली दिली.

सिंगापूरला चुकले. मी, कस्तुरी यमकनमर्डीकर, चुकले. उतरल्यावर बोर्ड वाचत बरोबर निघाले होते, तेवढ्यात कानावर कानडी आली. तीसुद्धा आपल्या बाजूची, धारवाड-बेळगावची. नवरा, बायको, दोन पोरं. इतक्या लांब आपलं बोलणं ऐकल्यावर पाय आपोआप त्यांच्या मागे गेले. छोट्या रेल्वेत चढले, ती सुटली, दोन स्टेशनं गेली. मग त्यांना विचारलं, तुम्हीही क्राइस्टचर्चच ना? ती बाई म्हणाली, नाही अक्का, आम्ही सिडनी. स्टँडवर अशा माणसांना मी काय बोलायची ते आठवलं. बोर्ड वाचता येत नाही का, म्हणायची.

तिथे काउंटरला एक मुलगी होती. दोन मिनिटं पिशवी धरून तिच्यासमोर उभी राहिले. मग वे-बिल पुढे केलं आणि विचारलं. तिने मान वर न करता सांगितलं, हीच गाडी उलट्या दिशेने, दुसरं स्टेशन, मग डावीकडे. मीही मान वर करायची नाही. मान वर न करणारी बाई बरोबरच सांगते, तिला रोज तेच सांगावं लागतं. गेटवर पोचले तेव्हा पावणेदोन तास शिल्लक होते. पाणी प्याले. एक केळं खाल्लं.

चुकायला एकूण पस्तीस मिनिटं लागली. हिशेब बरोबर आहे माझा.

शनिवार, २३ ऑगस्ट, डनेडिन

झालं.

मोतिया नऊवारी नेसले. शाल्मलीने डोक्यावर चपटी टोपी घातली होती, ती दर दोन मिनिटांनी घसरत होती. मोठं सभागृह, उंच छत, वाद्याचा घनघोर आवाज. मी पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. स्टेजवर एक उंच, पांढरा, म्हातारा गृहस्थ झग्यात उभा राहून एकेकाचं नाव पुकारत होता. मी कान देऊन ऐकत होते, कामाची सवय. बऱ्यापैकी होता, पण चिनी मुलाच्या नावाला अडखळला. याच्या तोंडात आमचं नाव गेलं की संपलं, पाच वर्षं बर्फावर चढलेल्या पोरीला हा यामा-काहीतरी म्हणून उरकणार.

शाल्मली पायऱ्यांशी आली. त्याने कागद बघितला नाही. समोर बघून म्हणाला, "शाल्मली शरच्चंद्र यमकन..." आणि थांबला. किंचित. मी थांबायची तेवढाच. मग जोर देऊन, "मर्डीकर."

मी उभी राहिले. कुणी उभं राहत नव्हतं, तरी राहिले. तो माझा थांबा होता. माझा. बेळगावच्या स्टँडवरचा, भोंग्यातून यायचा तो. तो त्या देशात, त्या माणसाच्या तोंडातून, माझ्या मुलीच्या नावात आला. टाळ्या वाजवायच्या राहून गेल्या, पदर तोंडाला लावून नुसती उभी होते.

बाहेर आल्यावर शाल्मलीने सांगितलं. इथे मुलांना विचारतात, तुमचं नाव कसं म्हणायचं ते तुमच्या आवाजात पाठवा. तिने स्वतःचा आवाज पाठवलाच नाही. न्हाणीघरातला पाठवला. ह्यांना फोन लावला तर गंगव्वासकट बसून थेट बघत होते, तिकडे सकाळचे साडेआठ. मी म्हटलं, ऐकलंत? हे म्हणाले, "तीन आठवडे वाट बघत होतो." गंगव्वाने फोन घेऊन सांगितलं, थेंब घातलेत, गालावर न्हाई, डोळ्यात.

मग तो पुकारणारा गृहस्थ आम्हाला शोधत आला. शाल्मलीने सांगितलं, ही माझी आई, आवाज हिचा. त्याने माझे दोन्ही हात धरले. गाडी चालवताना आठवडाभर तो आवाज लावत होता म्हणे, बायको कंटाळली. मी त्याचे आभार मानले. पण खोटं कशाला बोलायचं, मर्डीचा ड त्याचा जिभेच्या टोकावर येत होता. तो जीभ मागे वळवून म्हणायचा असतो. तसं मी त्याला सांगितलं, म्हणून दाखवलं. त्या झग्यातल्या म्हाताऱ्याने तिथेच, सगळ्या लोकांत, तोंड वर करून दोनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी बरोबर आलं.

परतीचं तिकीट नऊ सप्टेंबरचं. शाल्मली विचारत होती, सिंगापूरला दोन तास चाळीस मिनिटंच आहेत, बदलून घेऊ का. म्हटलं, राहू दे. पुरतील.